भाड्याची गाडी, बिनड्रायव्हरची

'गाडी भाड्यानं देतात अन् ड्रायव्हर देत नाहीत?'

अण्णांच्या हातातली चकली हातातच राहिली. दिवाळीचा दुसरा दिवस, हिंगोलीतलं आमचं घर आणि मी नुकतीच फोडलेली बातमी : मार्चमध्ये आपण तिघं न्यूझीलंडला जायचं. टूर कंपनीबरोबर नाही. विमानातून उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची आणि दहा दिवस आपले आपण फिरायचं.

'नाही देत अण्णा. आपणच चालवायची.'

'कोणालाही देतात? चावी हातात?'

'लायसन्स बघतात. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतात.'

'अन् चालवता येतं का, ते?'

इथं मी चिवड्याच्या बशीत डोकं घातलं. कारण खरं उत्तर असं आहे की ते कोणीच बघत नाही. काउंटरवरची मुलगी हसून चावी देते आणि 'एन्जॉय' म्हणते. आपल्याकडे भाड्याची गाडी म्हणजे गाडीबरोबर ड्रायव्हर, त्याचं जेवण, त्याचा मुक्काम भत्ता आणि न मागता मिळणारे त्याचे सल्ले. काळी-पिवळी असो की लग्नाची जीप, ड्रायव्हर हा गाडीचाच एक पार्ट. तो काढून घेतला की अण्णांच्या मते उरतं ते नुसतं भंगार.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. १९८८ साली लागले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९९९ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. २०१९मध्ये अण्णा रिटायर झाले. एकतीस वर्षं, विनाअपघात. हा शेवटचा शब्द आमच्या घरात आडनावासारखा लावला जातो.

आणखी एक गोष्ट. दुसरा कोणी चालवत असलेल्या गाडीत अण्णा झोपत नाहीत. माझ्याकडे पुण्याला येताना रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये स्लीपरचं तिकीट काढून दिलं तरी बर्थवर मांडी घालून बसून राहतात. उजवा पाय अंधारात ब्रेक शोधत असतो. सकाळी उतरल्या उतरल्या आधी ड्रायव्हरचा रिपोर्ट देतात, मग चहा पितात.

आणि माझं काय म्हणाल, तर जाम लाज वाटण्यासारखं आहे. लायसन्स आहे. एमएच ३८चं, म्हणजे हिंगोली आरटीओचं. कॉलेज संपल्यावर मैदानात एक वळण घेऊन, एकदा गाडी मागे घेऊन मिळवलेलं. त्यानंतर पुणे, हिंजवडी, कंपनीची बस, मग कॅब. ड्रायव्हरची मुलगी, वय एकतीस, आणि गाडी येते ती फक्त कागदावर. टीममधल्या मित्रमैत्रिणींनी आइसलँडचे फोटो दाखवले, कोणी क्रोएशियाचे. सगळ्यांत एक फोटो ठरलेला : लांबलचक मोकळा रस्ता, भाड्याची गाडी आणि बॉनेटवर बसलेली मंडळी. मला तो फोटो हवा होता. चालवणार कोण, हा प्रश्न मी गुपचूप सोडवून टाकला होता. अण्णा!

आता म्हणाल, म्हाताऱ्या बापाला परदेशात ड्यूटीला लावायचं? पण यात आईचा मामला आहे.

एसटीवाल्यांच्या घरच्यांना प्रवासाचा पास मिळतो. त्या पासावर आम्ही माहूरला गेलो, तुळजापूरला गेलो, पंढरपूरला गेलो. शक्यतो अण्णांचीच गाडी पकडायची. कंडक्टर काका आईसाठी पुढची सीट धरून ठेवायचे. ती खिडकीशी, मी तिच्या मांडीवर आणि अण्णा जाळीच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून. 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी डोक्यावर. आई ती पाटी प्रामाणिकपणे पाळायची. मुक्कामाच्या गावी सगळे उतरले की मगच दोघं एकमेकांशी बोलायचे आणि तेही 'डबा आणलास का' एवढंच. मागच्या वर्षी मटार सोलता सोलता आई सहज म्हणाली, 'मी बाई लई फिरले यांच्यासोबत. पण बघितली ती यांची पाठच.'

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. गंमत म्हणून सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात ते रुतून बसलं. छोटी गाडी, पुढं अण्णा, शेजारी आई, मागं मी. एवढंच चित्र होतं माझ्या ट्रिपचं. बाकी डोंगर, तळी, बर्फ वगैरे म्हणजे मागचा पडदा.

देश निवडतानाही हेच गणित होतं. आधी अमेरिका मनात होती. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे, २०२३ साली केंद्र सरकारनं तिला पक्की मंजुरी दिली. तेव्हापासून हिंगोलीत रिक्षावाल्यालाही गुरुत्वीय लहरी पाठ आहेत. अमेरिकेतल्या तिच्या दोन थोरल्या बहिणी, वॉशिंग्टन राज्यातली हॅनफर्डची आणि लुईझियानातली लिव्हिंगस्टनची, बघून यावं असं मला वाटत होतं. पण तिकडे गाड्या उजवीकडून. एकतीस वर्षांची डावीकडची सवय इमिग्रेशनच्या काउंटरवर जमा करता येत नाही. पहिल्या चौकातच माणूस चुकीच्या लेनमध्ये शिरायचा. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच, गाडी डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडं. लायसन्स इंग्रजीत असेल तर पाहुण्यांना तेच चालतं. नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. हे परमिट आपल्या आरटीओतच मिळतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. जवळ असलेलं बरं.

तर बातमी फुटली आणि प्लॅनिंग सुरू झालं. माझा प्लॅन लॅपटॉपवर तयार होता. रंगीत एक्सेल शीट. ऑकलंडपासून क्वीन्सटाऊनपर्यंत, दोन्ही बेटं, दहा दिवसांत नऊ मुक्काम. ऑफिसात हा प्लॅन बघून लोकांनी 'सॉलिड' म्हटलं होतं.

अण्णांनी चष्मा पुसला, शीट वरून खाली बघितली आणि विचारलं, 'ही गाडी कोणत्या डेपोची?'

'म्हणजे?'

'म्हणजे असं टाइमटेबल लावणाऱ्या माणसाला आमच्याकडं दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरांनी घेराव घातला असता.'

मग त्यांनी जुनी डायरी काढली आणि माझ्या शीटवर कात्री चालवली. पहिल्या फटक्यात उत्तर बेट गेलं. 'मधी समुद्र आहे ना? मग तो कशाला ओलांडायचा?' वेलिंग्टन ते पिक्टन फेरी साडेतीन तासांची असते, शिवाय वेळेआधी जाऊन रांग लावायची. म्हणजे अर्धा दिवस फुकट. दुसऱ्या फटक्यात पहिला दिवस गेला. मी लिहिलं होतं : दुपारी सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्चला उतरणे, गाडी घेणे, संध्याकाळी टेकापो. मार्चमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं आणि विमानात रात्र बसून काढलेली. अण्णा म्हणाले, 'रात्रीची ड्यूटी करून आलेल्या माणसाला लगेच दुसरी गाडी देत नसतात.' न्यूझीलंडचं सरकार पर्यटकांना नेमकं हेच सांगतं, लांबच्या विमान प्रवासानंतर आधी झोपा, मग स्टिअरिंगला हात लावा. मी ते वाचलं होतं. वाचून पुढं गेले होते.

मग आले टप्पे. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं त्यावरच लागतं. अण्णांना किलोमीटरमध्ये अंतर समजत नाही असं नाही, पण पोटात टप्पाच शिरतो. क्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे २२५ किलोमीटर, म्हणजे अडतीस टप्पे. टेकापो ते माउंट कुक सुमारे १०५, अठरा टप्पे. तिथून वानाका पस्तीस. वानाका ते क्वीन्सटाऊन क्राउन रेंजच्या घाटातून बारा. अशी डायरीची दोन पानं भरली. वर लाल पेनानं शीर्षक : 'वेळापत्रक'. रात्रीच्या मुक्कामांपुढं 'मुक्कामी', जेवणापुढं 'अर्धा तास'.

खरी लढाई झाली मिलफर्ड साउंडवरून. क्वीन्सटाऊनहून सकाळी निघायचं, बोट करायची, रात्री परत. गूगलवर एका बाजूला चार तास दाखवतात.

'जाऊन-येऊन किती?'

'पाचशे ऐंशीच्या आसपास.'

'सत्त्याण्णव टप्पे. एका दिवसात. घाटातून. गूगलनं कधी चहा पिलाय का?'

मुक्काम ते अनाऊला हलला. तिथं टाकी फुल्ल करायची, कारण पुढच्या जवळजवळ एकशेवीस किलोमीटरमध्ये गाव असं नाही आणि मोबाइलची रेंजही बहुतेक ठिकाणी नसते. वाटेत होमर टनेल, डोंगर कोरून काढलेला, सव्वा किलोमीटरचा, १९५४ साली सुरू झालेला आणि आत चांगलाच उतार. गर्दीच्या महिन्यांत सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. अण्णांनी त्याचा व्हिडिओ माझ्या फोनवर चार वेळा बघितला. दक्षिण बेटावर एकपदरी पूलही खूप आहेत. पुलाच्या तोंडाशी पाटी असते, तीवर दोन बाण. लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर तुम्ही थांबायचं. 'म्हणजे भांडण पाटीच मिटवते,' अण्णा खूश झाले. 'आपल्याकडं डिपर मारून मिटवावं लागतं.'

भाड्याच्या गाडीचे कागद मी वाचत होते आणि अण्णा ऐकत होते. तुमच्यापैकी कोणी असा बेत करत असेल तर हे दोन परिच्छेद फ्रिजवर लावून ठेवा. गाडीचा रोजचा रेट दिसतो तो अर्धाच असतो. इन्शुरन्स त्यात असतो, पण त्याला 'एक्सेस' नावाची शेपूट असते. गाडीला काही झालं तर आधी ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून, त्यावरची कंपनीच्या. ही रक्कम छोटी नसते. रोज थोडे जास्त पैसे भरून ती कमी करता येते, किंवा शून्यावर आणता येते. तेवढं करूनही टायर, काच आणि गाडीचं पोट आत धरलेलं आहे का ते वेगळं बघायचं. खडीच्या रस्त्यांवर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स रोड तर असा बदनाम आहे की भाड्याची गाडी तिथं नेली की इन्शुरन्स संपला. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, डेबिट कार्ड अनेकदा घेतच नाहीत. आणि डिझेल गाडी स्वस्त दिसली म्हणून भुलायचं नाही. तिथं डिझेल गाड्यांवर किलोमीटरप्रमाणे रस्ता कर असतो, तो शेवटच्या बिलात येऊन बसतो.

किआ नावाचा एक डोंगरी पोपट आहे, तो उभ्या गाडीचं रबर कुरतडून खातो. 'याचं कोण भरून देतं?' अण्णांनी विचारलं. हे मात्र मला कुठंच सापडलं नाही.

गाडी ऑटोमॅटिक. ती ऐकून अण्णा थोडे खट्टू झाले. बिनगेराची गाडी म्हणजे त्यांच्या हिशेबात मिक्सर.

या सगळ्यात आईची भूमिका एकच, ती हळदीची. मार्च म्हणजे आमच्याकडे हळद काढायचे, शिजवायचे दिवस. वसमतला मामाची हळद आहे. या हंगामात आई तिथं आठ दिवस हजर नाही असं कधी झालं नव्हतं. तिनं भावाला फोन करून परस्पर सुट्टी मंजूर करून घेतली आणि मला विचारलं, 'तिकडं किलोभर हळद न्यावी का?' न्यूझीलंडच्या विमानतळावर खायचे पदार्थ लपवले आणि सापडले तर जागेवर चारशे डॉलर दंड होतो. फॉर्मवर खरं लिहून दिलं की ते तपासून ठरवतात. हे सांगितल्यावर आई म्हणाली, 'लिहू की मग. चोरीची थोडीच आहे.'

सगळं मस्त चाललं होतं. फॉर्ममध्ये मी 'मुख्य ड्रायव्हर'पुढं माझं नाव टाकलं होतं, कार्ड माझं म्हणून. 'जादा ड्रायव्हर'पुढं अण्णांचं. त्यांचं लायसन्स डिसेंबरमध्ये संपत होतं. पंचावन्न ओलांडल्यावर ते एका वेळी पाच वर्षांसाठी नवं करून देतात आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. 'उद्या जाऊ,' मी म्हणायची. 'दिवाळी होऊ दे,' अण्णा म्हणायचे. भाऊबीज झाली. 'सोमवारी बघू.' सोमवारी ते गावाकडं निघून गेले.

त्या सोमवारी मी कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बाटलीमागं, एक छोटा खोका. डोळ्यांत घालायच्या थेंबांचा. मला वाटलं आईचा. आईला वाटत होतं माझा.

नाव गूगल केलं. काचबिंदू.

मोतीबिंदू आपल्या सगळ्यांना माहीत असतो. ऑपरेशन करतात, लेन्स बसवतात, आजी परत पेपर वाचायला लागते. काचबिंदू त्याचा नातेवाईक नाही. यात डोळ्यांची नस हळूहळू मरते. बाजूचं दिसणं आधी जातं आणि समोरचं बरेच दिवस स्वच्छ राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकवायची, एवढंच हातात. रक्ताच्या नात्यात असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता जास्त. (मी पुण्यात गेल्यावर तपासून घेतलं. तुमच्याही घरात कोणाला असेल तर घ्या.)

संध्याकाळी अण्णा आले. मी खोका डायरीवर ठेवला होता. त्यांनी बघितला, पायातल्या चपला नीट जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले, मग येऊन बसले.

'जूनमध्ये कळलं,' म्हणाले. 'नांदेडला गेलो होतो ना, पेन्शनच्या कामाला.'

पेन्शनचं काम नव्हतंच. त्याच्या आधी एका संध्याकाळी मोटारसायकलवर असताना डावीकडून सायकलवर एक पोरगं आलं होतं. लागलं कोणालाच नाही. पोरगं गेलंही निघून, शिट्टी वाजवत. 'पण मला ते दिसलं नव्हतं,' अण्णा म्हणाले. 'आवाज आला म्हणून दाबला ब्रेक. दिसलं नव्हतं.' तेव्हापासून अंधार पडल्यावर ते गाडी बाहेर काढत नव्हते. आम्हाला सांगायचे, कुत्री लई मागं लागतात.

'डॉक्टर काय म्हणाले?'

'गाडी बंद करा म्हणाले.'

आई काही बोलली नाही. तिनं खोका उचलून फ्रिजमध्ये पुन्हा होता तिथं ठेवला, पण या वेळी लोणच्याच्या पुढं.

मला राग आला होता, खरं सांगते. इतके दिवस टप्पे मोजले, टनेल बघितला, माझ्याशी मिलफर्डवरून भांडलात आणि हे? मी तसं म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

'सांगणारच होतो,' अण्णा म्हणाले. 'वेळापत्रक तेवढं होऊ दे म्हणलं.'

यावर काय बोलणार?

रात्री मी लॅपटॉप उघडून पर्याय बघत बसले. टूर कंपनीचे पॅकेज. क्राइस्टचर्चहून ग्रेमाउथला आल्प्स ओलांडून जाणारी ट्रेन, खिडक्या भल्या मोठ्या. गावागावांत जाणाऱ्या बसेस. सगळं होतं तिथं. बसमध्ये तर आई-अण्णा शेजारी शेजारी बसलेच असते, तिसरा कोणीतरी चालवत असता आणि अण्णांनी दहा दिवस त्या तिसऱ्याच्या पायाकडं बघत काढले असते. मी ट्रेनची तिकिटं बघत असताना आई पाणी प्यायला उठली. मागून स्क्रीन बघितला.

'तू चालव की,' म्हणाली.

'मी?'

'तुझ्याकडं लायसन्स आहे ना? का ते फोटोपुरतं काढलंय?'

आतल्या खोलीतून आवाज आला, 'ती?' त्या एका अक्षरात एकतीस वर्षांच्या सर्व्हिसचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला अण्णांनी मला उठवलं. चुलत भावाची ऑटोमॅटिक गाडी दारात उभी होती. डावा पाय सीटखाली ओढून घे, तो इथं बेकार आहे, हा पहिला धडा. बोनेटकडं बघू नको, लांब बघ. समोरच्या माणसाचं तोंड बघू नको, गाडीचं चाक बघ, माणूस तोंडानं एकीकडं बघतो अन् चाक दुसरीकडं वळवतो. आरसा बघणं म्हणजे केस नीट करणं नाही. सिद्धेश्वर धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यानं मला वळणं दिली. गावाकडच्या एका अरुंद पुलावर कागदाचा लाल बाण करून डॅशबोर्डवर चिकटवला आणि समोरून टेम्पो येईपर्यंत मला थांबवून ठेवलं. टेम्पोवाल्याला वाटलं आमची गाडी बंद पडलीय. तो उतरून धक्का द्यायला आला.

सूचना तोंडानं कमी, बोटानं जास्त. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. अण्णा खिडकीच्या काचेवर टकटक करायचे. पहिले तीन दिवस जवळजवळ सगळ्या एकेरीच टकटकी होत्या. आणि हॉर्न बंद. मी हॉर्नवर हात ठेवला की ते नुसते बघायचे. 'तिकडं वाजवत नाहीत ना? मग इथं सवय मोडायची.' हिंगोलीत बिनहॉर्नची गाडी चालवून बघा, मग मला सांगा.

एक दिवस मी रडले. कळमनुरी रोडला उसाची ट्रॉली ओव्हरटेक करताना समोरून ट्रक आला, मी अर्ध्यात घाबरून परत मागं आले. गाडी कडेला लावली. हात थरथरत होते. अण्णा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'परत मागं आलीस ते बरोबर केलंस. पुढं जायचं लई जणांना जमतं.' मग थर्मासमधला चहा ओतला.

सुट्टी संपली. मी पुण्याला गेले आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडून हिंगोली. ऑफिसात लोक विचारायचे, घरी काही प्रॉब्लेम? लग्नाचं बघतायत का? मी म्हणायचे, क्लास लावलाय. डिसेंबरमध्ये आरटीओतून परमिट काढलं. करड्या रंगाचं एक साधंसुधं पुस्तक, आत माझा फोटो. अण्णा सोबत होते. खिडकीवरच्या माणसानं त्यांना ओळखलं, 'तुमचं पण रिन्यू करायचं होतं ना?' विचारलं. 'नाही,' अण्णा म्हणाले, 'आता ही आहे.'

जानेवारीत बुकिंग केलं. 'जादा ड्रायव्हर' हा रकाना मोकळा सोडला. अण्णांनी डायरीत टप्प्यांपुढं 'चालक' असा नवा कॉलम आखला आणि सगळीकडं माझं नाव लिहिलं. टेकापोच्या पुढं मात्र कंसात, 'दर दोन तासांनी चहा, नाहीतर गाडी पुढं हलणार नाही.'

मागच्या रविवारी शेवटची प्रॅक्टिस झाली, औंढा नागनाथपर्यंत. या वेळी आईसुद्धा. ती सवयीनं मागं बसली. मी अण्णांसाठी पुढचं दार उघडलं, तर ते थांबले, मागचं दार उघडलं आणि आईशेजारी जाऊन बसले. 'तिकडं मला हे डोंगर दाखवणार आहेत म्हणे,' आई म्हणाली, 'म्हणून इथंच प्रॅक्टिस.'

जाताना अण्णांचा पाय माझ्या सीटच्या पाठीला लागत होता. ब्रेक शोधत. नागनाथाचं दर्शन झालं, बाहेर भजी खाल्ली. येताना ऊन तापलं होतं, रस्ता मोकळा होता. मी साठवर गाडी धरली होती. सीटच्या पाठीला पाय लागायचा बंद झाल्याचं बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. आरशात बघितलं. अण्णांचं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि तोंड उघडं. घोरत होते.

आईनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पुढं उसाची ट्रॉली होती, रस्त्याच्या अगदी मधोमध, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. मी हॉर्न वाजवला नाही. तिच्या मागं मागं, हिंगोली येईपर्यंत, वीसच्या स्पीडनं चालवत राहिले.